वाटीखालची पट्टी

त्याचं वय चाळिशीला टेकलं होतं, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. दादा म्हणायचा म्हणून वहिनी म्हणायची, वहिनी म्हणायची म्हणून कामावरची माणसं म्हणायची, आणि लग्न होऊन आलेल्या बायकोनंही सुरुवातीला लाजत का होईना, तेच नाव उचललं. शाळेत जाणारी मुलगी असलेला बाप, पण दाराशी कुणी आलं की विचारायचं, "धाकटा आहे का घरात?"

दोघे भाऊ फरशा बसवायचे. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून थापी हातात धरली आणि धाकट्याला शिकवलं. धाकट्याची शेवटची परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं त्याच्यापुढे गुडघ्याला बांधायच्या रबरी गाद्यांची नवी कोरी जोडी ठेवली आणि म्हणाला, "चल." धाकटा निघाला. तुला काय करायचंय, असं कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. असं न सांगता वीसएक वर्षं निघून गेली.

फरशीवाल्याचं आयुष्य गुडघ्यांवर जातं. रिकाम्या घरात शिरायचं, पार कोपऱ्यात जायचं, आणि गुडघे टेकून सिमेंटचा मसाला पसरत, टाइल दाबत, रबरी हातोड्यानं ठोकत मागं मागं सरकायचं. दिवसभर दिसतं काय, तर राखाडी मसाला आणि आपलेच दोन हात. घरमालक येऊन बोलला तरी आधी त्याचे बूट दिसतात. धाकट्याचा हात सफाईचा होता, त्याच्या फरशांच्या सांध्यांना कुणी नावं ठेवत नसे. पण टाइल ठोकताना त्याला वाटायचं की आपणच या खोलीच्या तळाला हळूहळू चिकटत चाललोय.

त्याला आवडायचं ते एकच काम, टेम्पो चालवायचं. गोदामातून माल आणायचा असला की काच खाली करून, कोपर खिडकीवर टेकवून तो निघायचा आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायचा.

"ट्रॅफिक होतं का रे?" दादा विचारायचा.

"होतं."

एवढंच त्यांचं बोलणं. दादा वाईट माणूस नव्हता, आणि खरी पंचाईत तिथंच होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. स्वतःचे बूट फाटले तरी धाकट्याला आधी घेणारा, त्याचं लग्न जमवणारा, त्याच्या मुलीला ताप आला तर काम टाकून दवाखान्यात पळणारा भाऊ. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तू दिलेलं हे काम मला नको? उपकार करणाऱ्याच्या मनातही नसतं, पण घेणाऱ्याच्या मानेवर ते जू होऊन बसतात.

गुडघा गेला तो एका नव्या इमारतीच्या जिन्यात. मोठ्या मापाच्या टाइलची पेटी दोघं मिळून वर नेत होते, दादा वरच्या बाजूला, धाकटा खालच्या. वळणावर कुणाचा तरी मसाला सांडून अर्धवट वाळला होता. धाकट्याचा डावा पाय त्यात रुतला आणि त्याच वेळी दादानं पेटी वळवली. अंग फिरलं, पाऊल तिथंच राहिलं. आत कुठंतरी ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. तो दोघांनीही ऐकला.

संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला. सूज उतरल्यावर तो चालायला लागला खरा, पण जिना उतरताना गुडघा मधेच दगा द्यायचा. वरचं हाड एकीकडे, खालचं दुसरीकडे. शेवटी दादानं चौकशी करून गुडघ्याच्या डॉक्टर बाईंचा पत्ता काढला. तपासणीत कळलं की गुडघ्याच्या आत मधोमध असलेली दोरी, म्हणजे लिगामेंट, पार तुटलंय. डॉक्टर बाई म्हणाल्या, "ते शिवून जोडत नाही. दुसरी दोरी बसवावी लागते. ती कुठून घ्यायची, ते ठरवायला पुढच्या वेळी या."

पुढच्या वेळी दादा अर्थातच सोबत होता. डॉक्टरांच्या खोलीत तो धाकट्याच्या पुढे बसायचा आणि दुखतं कुठं तेही तोच सांगायचा. पण त्या दिवशी ते आत शिरले, खुर्च्या ओढल्या आणि दादाचा फोन वाजला. कुठल्याशा घरी नळ फुटून बसवलेली फरशी पाण्याखाली गेली होती. "तू ऐक तोवर," असं म्हणून दादा बाहेर गेला.

कित्येक वर्षांत प्रथमच कुणी धाकट्याशी समोर बसून, त्याच्याचकडे बघत बोलत होतं.

डॉक्टर बाईंनी टेबलावरचा गुडघ्याचा प्लास्टिकचा सांगाडा पुढे ओढला. "दोरी तुमच्याच पायातून घ्यायची. मेलेल्या माणसाची वापरतात काही ठिकाणी, पण कष्टाचं काम करणाऱ्यात ती लवकर ढिली पडते, म्हणून ते नको. तुमच्या पायात माझ्या हातच्या दोन जागा आहेत. वाटीच्या वरूनही घेता येते, पण त्यात माझा हात तेवढा बसलेला नाही, म्हणून त्याचं मी सांगत नाही." त्यांनी सांगाडा उलटा केला. "ही मागची जागा. मांडीच्या मागच्या बाजूला दोन बारीक दोऱ्या असतात. त्या काढायच्या, दुमडून चार पदरी करायच्या आणि आत बसवायच्या. जखम लहान, त्रास कमी. मागं ओढायची ताकद थोडी कमी होते, बाकी फार जाणवत नाही."

मग त्यांनी बोट वाटीखाली आणलं. "ही समोरची. वाटीपासून नडगीपर्यंत जी रुंद पट्टी असते, तिचा मधला भाग काढायचा. वर वाटीच्या हाडाचा छोटा तुकडा आणि खाली नडगीचा, असे दोन्ही टोकांना हाडासकट. आत हाडाला हाड लागतं, त्यामुळे ती लवकर धरते आणि घट्ट बसते. पण एक आहे. नंतर गुडघा टेकताना समोर दुखतं. काहींना कायमचं. म्हणून ज्यांना कामात गुडघे टेकावे लागतात त्यांची मी समोरून घेत नाही." त्यांनी मान वर केली. "तुमचं काम कसलं?"

नंतर त्याला हे किती वेळा आठवलं असेल, सांगता यायचं नाही. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर दादा फोनवर ओरडून मोटर बंद करायला सांगत होता. धाकट्याच्या मनात काही आखलेलं नव्हतं. पण ज्यांना गुडघे टेकावे लागतात त्यांची समोरून घेत नाही, हे वाक्य कानात पडलं आणि बंद खोलीत कुठूनतरी वारा यावा तसं त्याला झालं. समोरून घेतली, तर मग आपल्याला गुडघे टेकायला कोण लावणार? काही बोलावं लागणार नाही, भांडण नाही, उपकाराला लाथ मारल्यासारखं नाही. गुडघाच परस्पर सांगेल.

"बांधकामावर असतो," तो म्हणाला. "भिंतींचं काम. उभ्यानं."

"गुडघे टेकावे लागत नाहीत?"

"नाही."

एवढ्यात दादा आत आला, खिशात फोन कोंबत. "काय ठरलं? सगळ्यात मजबूत असेल ती बसवा, मॅडम."

"मजबूत दोन्ही आहेत. समोरची लवकर धरते."

"मग तीच," दादा म्हणाला. "काय रे?"

"तीच," धाकटा म्हणाला.

ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं, तो मात्र जागा होता. छातीपुढे हिरवं कापड आडवं, आणि बाजूला टीव्हीसारखा एक पडदा, अजून काळा. डॉक्टर बाईंनी कापडावरून डोकावून पुन्हा एकदा विचारलं, "डावा गुडघा. पट्टी समोरची. बरोबर?"

हीच शेवटची वेळ. मॅडम, मी खोटं बोललो, मी फरशीवाला आहे, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मागची घेतली असती. पाय हलवून बघावेत म्हणून त्यानं जोर केला. पाय होते कुठं, तेच कळेना.

"बरोबर," तो म्हणाला.

मग बारीक करवतीचा आवाज सुरू झाला आणि त्याला कसंतरीच झालं, कारण तो आवाज ओळखीचा होता. टाइल कापायच्या कटरसारखाच, फक्त बारीक. वाटीच्या हाडाचा तुकडा कापला जात होता. नंतर पडद्यावर गुडघ्याचं आतलं दिसलं, पाण्यानं भरलेली पांढरी गुहा आणि तिच्या एका भिंतीला लोंबणाऱ्या तुटक्या दोरीच्या झिरमिळ्या. डॉक्टर बाईंनी त्या साफ केल्या. जुनी दोरी जिथं चिकटलेली होती, बरोबर तिथंच ड्रिलनं नडगीत एक आणि मांडीच्या हाडात एक भोक पाडलं. "जागा चुकली तर सगळं चुकतं," त्या शेजारच्या डॉक्टरला म्हणत होत्या. "पुढं गेली तर गुडघा वाकत नाही, फार उभी बसली तर वळताना सटकतो." मग धाग्याला बांधलेली पट्टी एका भोकातून दुसऱ्या भोकात ओढून घेतली आणि दोन्ही टोकांची हाडं स्क्रूनं आवळली. पडद्यावर ती नवी दोरी ताठ उभी राहिली, पांढरीशुभ्र. कुणीतरी गुडघा वाकवून ओढून पाहिला. हाड जागचं हललं नाही.

"छान बसली," डॉक्टर बाई म्हणाल्या. कारागिराला काम मनासारखं झालं की आवाजात जे समाधान येतं, ते धाकट्याला ओळखू आलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

पुढचे महिने खोलीतच गेले. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा सापळा, दोन्ही बगलांत कुबड्या, आणि खाली उतरायचं तर दादाच्या खांद्याशिवाय गती नाही. भाऊ-भाऊ एकाच मजल्यावर शेजारी राहायचे, त्यामुळे दादा कामावरून आला की हातपाय धुऊन थेट धाकट्याच्या पलंगापाशी. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी सांगितलं होतं, आधी पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, मग हळूहळू वाकवायचा. दादा रोज बघायचा. त्याच्या डोळ्यांत काटकोन भिनलेला.

"अजून थोडा कमी आहे," तो मान तिरकी करून म्हणायचा. "उद्या काटकोनात येईल."

"काटकोन मोजायचा गुन्या लावून बघा," वहिनी आतून म्हणायची. सगळे हसायचे. धाकटाही हसायचा, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचा. नडगीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर झाला होता. तिथं बोट फिरवलं तर दुसऱ्याच्या पायाला हात लावल्यासारखं वाटायचं.

बायकोनं एकदा विचारलं, "तुम्हाला बरं व्हायचंय ना?"

"असं का विचारतेस?"

"दादा कामाचं बोलायला लागले की तुमचा पाय आखडतो."

त्यानं पायावर चादर ओढून घेतली. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण तिला काही कळायचं राहिलं नसावं.

गुडघा मात्र सुरेख भरला. जिना चढताना-उतरताना दगा देईना, वळताना सटकेना. डॉक्टरांनी हळूहळू कामाला लागायला हरकत नाही म्हटल्यावर दादा त्याला एका रिकाम्या घरात घेऊन गेला. जमिनीवर जाड गादी टाकली. "बघ जरा टेकून. घाई नाही."

धाकट्यानं मनाशी ठरवलं होतं की दुखत नसलं तरी दुखतंय म्हणायचं. पण सोंग आणायची वेळच आली नाही. गुडघा टेकला आणि वाटीखाली कुणी खिळा ठेवून वर बसवावं तशी कळ निघाली. तो भिंत धरून उठला. डोळ्यांत पाणी आलेलं, तेही खरं.

दादाचा चेहरा उतरला. तो त्याच गादीवर बसला आणि कितीतरी वेळ हातातली थापी उलटसुलट करत राहिला. "मीच म्हणालो ना," तो म्हणाला. "मजबूत ती बसवा म्हणून. तू काहीतरी विचारत असशील, मी आलो आणि मधेच बोललो. माझं तोंड कायम पुढं."

खरं बोलायची हीसुद्धा एक वेळ होती, आणि तीही गेली.

त्या दिवसापासून दादा त्याला आणखीच जपायला लागला. "तू काळजी करू नकोस. भिंतीच्या टाइल उभ्यानंच लागतात. मी फरशा बघतो, तू भिंती बघ." डॉक्टरांशी बोललेलं खोटं असं खरं झालं. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण क्लच दाबायला डावा पाय लागतो म्हणून दादानं टेम्पोची किल्लीसुद्धा स्वतःकडे ठेवली. धाकटा शेजारच्या सीटवर बसायचा, मांडीवर डब्याची पिशवी धरून. जे नको होतं ते सुटलं नाही, आणि जे हवं होतं ते हातचं गेलं. बरं, तक्रार कुणाकडे करायची? आपलेच दात आणि आपलेच ओठ. भिंतीवर टाइल दाबताना खाली बघावं तर दादा गुडघ्यांवर, पन्नाशी ओलांडलेला, दोघांच्या वाटणीची फरशी एकटा ओढतोय आणि उठताना हातानं भिंत चाचपतोय.

वर्षाच्या तपासणीला दोघे गेले. डॉक्टर बाईंनी गुडघा ओढला, वळवला, खूश झाल्या. "समोर दुखतं का?"

"टेकलं की फार दुखतं त्याला," दादा म्हणाला. "फरशीच बसवता येत नाही. चूक माझीच, मॅडम, मीच तेव्हा घाई केली."

डॉक्टर बाईंनी दादाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "फरशी? पण यांनी तर सांगितलं होतं की भिंतींचं काम आहे, गुडघे टेकावे लागत नाहीत. मी दोनदा विचारलं होतं. टेकावे लागतात म्हटलं असतं तर मी मागची घेतली असती."

 दादानं नुसती मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं. टेम्पोतही बोलला नाही. घरी पोचल्यावर वहिनीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "चांगला बसलाय गुडघा." आणि अंघोळीला गेला. धाकटा शिव्यांची वाट बघत राहिला. शिव्या आल्या नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. दादा कामापुरतं बोलायचा, डबा नेहमीसारखा त्याच्यापुढे सरकवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा प्रकार. मारणाऱ्यानं हात उगारला नव्हता आणि मार खाणाऱ्याला ओरडता येत नव्हतं.

मग एका घरातल्या न्हाणीघराचं काम निघालं. पलीकडच्या टोकाला, खिडकीखाली, पाण्याची टाकी ठेवायला बांधलेला बुटका कट्टा होता. त्यावर उभा राहून धाकटा भिंतीची वरची ओळ लावत होता. पाठ दाराकडे. मागं दादाचा हातोडा वाजत होता, पण ते रोजचंच. शेवटची टाइल दाबून तो वळला तेव्हा कट्ट्यापासून दारापर्यंत सगळी जमीन भरून झालेली होती. ओल्या मसाल्यावर चकचकीत फरशी, आणि दारात, उंबरठ्याबाहेर, गुडघ्यांवर बसलेला दादा.

"दादा, मी कसा बाहेर येऊ?"

"येता येणार नाही. पाय ठेवलास तर लेव्हल जाईल. संध्याकाळपर्यंत धरेल."

दादासारख्या कारागिराच्या हातून असं चुकून होणं शक्य नव्हतं. धाकट्यानं खिडकीकडे पाहिलं. तिला गज होते. तो कट्ट्यावर बसला.

दादानं थापी पुसली, दाराला पाठ टेकली. "आता बोल."

धाकट्यानं हाताचा मसाला कट्ट्याच्या कडेला पुसला.  मग तो म्हणाला, "मला हे काम नको होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"मी काय विचारणार? मला तरी कुणी विचारलं होतं?" दादाचा आवाज चढला नाही. "मी पंधरा वर्षांचा होतो. तुझी शाळा होती, आईचं औषध होतं. मला वाटलं, शिकवून ठेवलं हाताला काम, तर उपाशी मरणार नाही. आवडतं की नाही, हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं रे मला." त्यानं धाकट्याच्या गुडघ्याकडे बोट केलं. "पाय कापून घेतलास. चांगल्या वाटीचं हाड काढून दिलंस. पण तोंड उघडलं नाहीस. वर्षभर मी रोज स्वतःला बोल लावत होतो, आणि तू समोर बसून ऐकत होतास."

 धाकटा म्हणाला, "चुकलो."

"चुकलास तर खरंच."

थापी बाजूला ठेवून दादानं विचारलं, "काय करायचं होतं तुला?"

"गाडी चालवायची होती. मोठी."

"एवढंच?" दादा म्हणाला. तो हसणार होता, पण हसला नाही. उठताना त्याला दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले. चहा आणायला म्हणून तो गेला. दारातून ग्लास देता येईना, म्हणून त्यानं लांब फळीवर ठेवून तो ओल्या फरशीवरून अलगद आत सरकवला. अर्धा चहा फळीवर सांडला. उरलेला धाकटा प्यायला आणि फरशी धरायची वाट बघत बसून राहिला.

ते काम संपेपर्यंत तो दादाबरोबर राहिला. नंतर मोठ्या गाड्यांचं शिक्षण घेतलं आणि एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बसवर लागला. कामावर घेताना कारखान्याच्या डॉक्टरनं गुडघा ओढून बघितला आणि विचारलं, "कुणी केलं ऑपरेशन? छान बसलीय दोरी."

सगळं मनासारखं झालं असं म्हणता येणार नाही. गुडघा वाकवून फार वेळ बसलं की वाटीखाली तीच जुनी कळ उठते. सिग्नलला थांबलं की तो पाय लांब करतो, चोळतो. मुलगी जमिनीवर पसारा मांडून बसते तेव्हा त्याला तिच्याजवळ खुर्ची ओढावी लागते. दादानं दोन नवी माणसं घेतली, पण त्यांची लेव्हल त्याला पटत नाही, म्हणून निम्मी फरशी तो अजून स्वतःच बसवतो. शेजारच्या घरातून उठता-बसताना त्याचं कण्हणं भिंतीतून ऐकू येतं, आणि धाकट्याच्या हातातला घास तिथंच थांबतो.

मागं एकदा दादाला कारखान्याच्या बाजूला काम होतं. तो सकाळी धाकट्याच्या बसमध्ये चढला आणि थेट चालकाच्या मागच्या सीटवर येऊन बसला.

"सावकाश घे," पहिल्याच वळणाला तो म्हणाला. "पुढं खड्डा आहे."

"दिसला."

"डावीकडे दाब थोडी."

"दादा," आरशात बघत धाकटा म्हणाला, "मागं जाऊन बस."

मागच्या सीटवरचे कामगार हसले. दादा हसला नाही, उठलाही नाही. पिशवी मांडीवर घेऊन तो खिडकीबाहेर बघत राहिला. दोन थांबे असेच गेले. तिसऱ्या थांब्यापाशी बस वळली तेव्हा त्याचा हात पुढच्या दांडीवर आला, आणि हळूच, जवळजवळ स्वतःशीच, तो म्हणाला, "क्लच सोड आता."

धाकट्यानं क्लच सोडला.